सात नंबरचा ठसका

कोणाची चांगली बातमी कानावर आली की ठसक्याचं तोंड कडू व्हायचं. लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन जा, तर म्हणणार, "हॉल कुठला? त्या हॉलचे पंखे चालत नाय." कोणाला नोकरी लागली, तर "प्रायव्हेट ना? आज घेतात, उद्या हाकलतात." माझी आई मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आली तेव्हा सगळी चाळ खुशाली विचारून गेली. हा आला तो दारातूनच म्हणाला, "काय वहिनी, आता नीट दिसतं ना? मग जिन्यात कचरा कोण टाकतं तेपण दिसेल." आई मालवणची, ती काय ऐकून घेते! "मेल्याच्या जिभेक हाड नाय," असं त्याला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. त्याला ते ऐकू गेलं आणि तो खूश होऊन गेला.

फोडणीत मिरची जास्त पडली की बाजूच्या चार खोल्या खोकतात, तसा हा गॅलरीत आला की सगळ्यांचा घसा खवखवायचा. म्हणून ठसका. हे नाव पाठीमागचं. तोंडावर आम्ही त्याला मामा म्हणायचो, अहोजाहो करायचो. इथे लिहिताना मात्र मी ते करणार नाही. त्याने मला आयुष्यात एका शब्दाचा मान दिला नाही, मी बरी देईन!

आमची चाळ परळला, कॉटन ग्रीनच्या बाजूला कललेली. म्हणायला चाळ एक, पण इमारती सात. एक ते सहा मधल्या पटांगणाभोवती, आणि सातवी एका जुन्या गोडाऊनच्या पलीकडे, एकटी. एक ते सहामध्ये आम्ही बहुतेक कोकणातली माणसं, सातमध्ये सगळी बौद्ध मंडळी. कोणी कुठे राहायचं हे मिलच्या काळात कोणी ठरवलं, ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वीज, नळ, केबल, जे काही यायचं ते एक नंबरपासून सुरू व्हायचं आणि सातला सगळ्यांच्या शेवटी पोचायचं. ठसका तिथला. जवानी मिलच्या सूत कातायच्या रिंग खात्यात गेली, मिल बंद पडल्यावर एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय झाला, तिथून रिटायर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणसाला नावाने हाक मारायची नाही, इमारतीच्या नंबराने मारायची, ही त्याची खोड. "ए चार नंबर, नळ बंद कर!" मी दोन नंबर. बारशाला ठेवलेलं माझं नाव त्याच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही.

त्याचं आणि माझं खरं वाजलं ते सगळं जग घरात कोंडलं गेलं त्या वर्षी. मी एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. ऑफिस बंद, काम घरातून, आणि घरात मोबाइलला रेंज नाही. मिलच्या जमिनीवर दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले होते आणि आमची चाळ मधे विहिरीत पडल्यासारखी झाली होती. बोलायचं तर गॅलरीच्या टोकाला जाऊन रेंजची एखादी काडी पकडायची. शेवटी मीच पुढाकार घेतला. एक नंबरच्या कमिटीच्या खोलीत एक चांगली फास्ट लाइन घेतली आणि एकेका इमारतीच्या गच्चीवर एकेक वायरलेस डबा बसवला. पहिला डबा दुसऱ्याला देणार, दुसरा तिसऱ्याला. वायर खेचायची भानगड नाही. मुलांच्या शाळा सुरू झाल्या, माझं काम सुरू झालं, आईची मालिका सुरू झाली. सहा नंबरपर्यंत सगळं झकास चालत होतं, आणि तिथेच मी थांबले होते.

का थांबले, ते सांगते. त्यात अवघड काही नाही. या डब्यांना दोन प्रकारच्या लहरींवर बोलता येतं. एक लहर भरपूर माल वाहून नेते, पण भिंत आडवी आली की बसकण मारते. दुसरी भिंती ओलांडून लांब जाते, पण तिच्यावरून थोडंच जातं. त्यात प्रत्येक डब्याला आधी ऐकायचं आणि मग तेच पुढे सांगायचं असतं. ऐकताना बोलता येत नाही, म्हणून दर टप्प्याला वेग उतरत जातो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हवा सगळ्यांची एकच. लांबचा एखादा डबा रेंगाळत बोलत बसला की तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प राहावं लागतं. लांब पाहिजे की भरपूर पाहिजे, एक काय ते बोला. दोन्ही मागाल तर दोन्ही जाईल.

पण सात नंबरला नेट पाहिजेच होतं, आणि ते मालिकेसाठी नव्हे. चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता. जुन्या भाडेकरूंपैकी नव्या घराला कोण पात्र, याची सुनावणी त्या वर्षी ऑनलाइन ठेवली होती, एकेका इमारतीची वेगळ्या दिवशी. नाव पुकारलं की स्क्रीनवर चेहरा दाखवायचा, कागद कॅमेऱ्यापुढे धरायचे. दिसला नाहीत तर गैरहजर. गैरहजर म्हणजे घर गेलं, मग बसा अपील करत. एक ते सहाच्या सुनावण्या माझ्या नेटवर सुरळीत पार पडल्या. सातची शेवटी होती.

पटांगणात मीटिंग बसली, तोंडाला मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून. ठसक्याने मास्क हनुवटीवर ओढला आणि उभा राहिला.

"सहापर्यंत येतं आणि गोडाऊनपाशी थांबतं. दोन नंबर, तुझं नेट काय सोवळ्यात आहे? सातला शिवलं की विटाळ होतो त्याला?"

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मी म्हटलं, "मामा, मधे गोडाऊनचं पत्र्याचं छप्पर आहे. पत्र्यातून लहर जात नाही. सातला द्यायचं तर लांबच्या लहरीवर, वळसा घालून न्यावं लागेल. मग सगळ्यांचंच हळू होईल."

"पत्रा!" तो म्हणाला. "पाण्याच्या टायमाला उतार नव्हता. लाइटीच्या टायमाला खांब नव्हता. आता पत्रा. बरं सापडतं तुम्हाला आमच्याच वाटेत!"

आता तो पत्रा काय मी टाकला होता? लहरीला का जात कळते? मी केलेलं गणित बरोबर होतं. आजही बरोबर आहे, कोणालाही दाखवून विचारा. पण पाण्याचं आणि लाइटीचं तो बोलला, त्यात तरी खोटं काय होतं? माझी इतकी चिडचिड आयुष्यात कोणी केलेली नाही.

मग कमिटीच्या अध्यक्षांनी सुरू केलं, की सगळ्यांची गैरसोय होईल, मुलांच्या परीक्षा आहेत, लोकांची कामं आहेत. ठसक्याने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "पाणी पुरत नाय म्हणून सातला पाणीच नको, असं बोलता काय? पाळी लावता ना? मग याला पण पाळी लावा. आमच्या सुनावणीच्या टायमाला तुम्ही सगळे गप बसा."

आमच्या चाळीत पाण्याची पाळी म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. पाणी थोडा वेळ येतं आणि एकेका इमारतीची पाळी असते. दुसऱ्याच्या पाळीला नळाला हात लावायचा नाही. भाऊबंदकीत ज्यांची बोलचाल बंद आहे, कोर्टात केस चालू आहे, तेसुद्धा एकमेकांची पाळी मोडत नाहीत. त्याला ना कागद, ना सही. ठसक्याला लहरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. नळावरचा कायदा तो सगळ्यालाच लावायचा, एवढंच. मी हसले. नेट म्हणजे काय पाणी आहे, म्हटलं. घरी येऊन भात कालवताना लक्षात आलं की हवा एकच असेल तर पाळी लावण्यावाचून दुसरा उपाय नाहीच. मेल्याचं बरोबर होतं! ते पटलं म्हणून मला जास्तच राग आला.

शेवटी मी सात नंबरच्या गच्चीवर डबा बसवला. आभार वगैरे सोडाच, शिडी धरून खाली उभा होता तो "बघ पडशील, मग आमच्या नावाने बोंब मारशील" हेच म्हणत होता. दोन दिवस चाललं आणि बंद. मी पुन्हा वर चढले. बघते तर काय, माझ्या डब्यावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घातलेला, वर विटा ठेवलेल्या.

"हे कोणी केलं?"

"मी. कावळे घाण करतात वर."

"अहो मामा, पत्र्यातून लहर जात नाही म्हणून भर मीटिंगमध्ये ओरडून सांगितलं ना मी!"

"ते गोडाऊनच्या पत्र्याचं सांगितलंस. हा माझ्या घरचा आहे."

मी तेलाचा डबा काढून गच्चीवरून खाली फेकला. तो बरोब्बर त्याच्या पायाशी जाऊन पडला. त्याने उचलला, पुसला आणि "पोचा पडला" म्हणत घरी नेला.

सात नंबर जोडल्यावर मी म्हटलं होतं तेच झालं. सगळ्या चाळीचं नेट अडखळायला लागलं. माझ्या मीटिंगमध्ये साहेबाचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज मागाहून यायचा. आई वैतागली. "त्या मेल्याच्या सातापायी माझी सून अर्धीच रडता," म्हणायची. सून म्हणजे मालिकेतली. लोक मला शिव्या द्यायचे, मी ठसक्याला द्यायची. एकदा मी त्याला मुद्दाम विचारलं, "काय मामा, मिळालं ना नेट? आहे का समाधान?" तर म्हणाला, "हळू आहे. पण हळूची आम्हाला सवय आहे. तुम्ही कशाला रडताय?"

सुनावणीचा दिवस आला. सकाळपासून दुपारपर्यंत सातची पाळी, बाकी सगळ्यांनी आपापलं नेट बंद ठेवायचं, असं मीटिंगमध्ये हात वर करून ठरलं होतं. मी लॅपटॉप घेऊन शोभाताईंच्या खोलीत बसले. शोभाताई सात नंबरच्या, अंगणवाडीत मदतनीस, बोलायला मऊ बाई. ठसक्याच्या शेजारी राहून त्या मऊ कशा राहिल्या, देव जाणे. बाहेर गॅलरीत सगळी बिऱ्हाडं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन रांगेत उभी. नावं खोलीच्या क्रमाने. ठसक्याची खोली शेवटची, त्याचं नाव शेवटी.

पहिलंच नाव पुकारलं आणि चित्र गोठलं. म्हातारी कॅमेऱ्यापुढे भाडेपावती धरून बसली आहे आणि पलीकडचे साहेब म्हणताहेत, "दिसत नाही. काहीच दिसत नाही. पुढचं घेऊ का?" मी म्हटलं, साहेब, आवाज तरी येतोय ना? तर म्हणाले, चेहरा आणि कागद दिसलाच पाहिजे, तसा नियम आहे. मी लॅपटॉपवर हवेतली गर्दी बघितली तर सहाही इमारती चालू! नळाखाली दुसऱ्याची बादली दिसली की हात आपोआप मागे येतो. नेटची बादली कोणाला दिसणार? प्रत्येकाला वाटलं, माझ्या एकट्याच्या फोनने असं काय होतंय. मी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यांना बंद करायला बघत होते, पण ते सेटिंगचं पान उघडण्यापुरतीसुद्धा जागा उरली नव्हती. उठून एक नंबरला मुख्य डब्यापाशी पळावं, तर मागे लॅपटॉप सांभाळायला कोणी नाही.

ठसका माझ्या मागेच उभा होता. "कोणामुळे?" त्याने विचारलं.

"सगळ्यांमुळे," मी म्हटलं.

"तू हालू नको इथून. साहेबाला बोलण्यात ठेव." एवढं बोलून तो चपला न घालताच गेला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण कळत सगळं होतं. आधी सहा नंबरमधून त्याचा आवाज आला. नम्र विनंती वगैरे त्याच्या खानदानात नव्हती. "लाज नाय वाटत? दुसऱ्याच्या पाळीला नळ सोडता? चोर आहात चोर!" दारं बडवल्याचे आवाज. आणि माझ्या स्क्रीनवर म्हातारीचा चेहरा हलायला लागला. थोड्या वेळाने आवाज पाच नंबरकडून यायला लागला, तशी पावतीवरची अक्षरं दिसली. साहेब म्हणाले, "हं, आता दिसतंय." मग आवाज पटांगणाच्या पलीकडे गेला आणि ऐकू येईनासा झाला. तरी तो कुठे पोचलाय ते मला चित्रावरून समजत होतं. चार गेली. तीन गेली. गोड बोलून यातलं एकही दार उघडलं नसतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे. जन्मभर सगळ्यांशी भांडून तयार झालेलं ते तोंड होतं, त्या दिवशी ते कामाला आलं.

दोन नंबरमध्ये काय झालं ते आईने मागाहून सांगितलं. तो दारात येऊन दम टाकत उभा राहिला. "वहिनी, आमच्या लोकांची घरं चाललीत." बस, एवढंच बोलला, शिवी नाही की टोमणा नाही. आईने मालिका बंद केली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी एक नंबराक जावा. हयचा मी बघतंय." आणि आमच्या इमारतीत माळ्यामाळ्यावर जाऊन तिने जी काही मालवणीत पूजा बांधली, तिची आठवण लोक अजून काढतात.

आता माझ्याकडे सातला इतकं नेट आलं, की मी त्या डब्यांतून इतकं कधी बघितलंच नव्हतं. चित्र कसं स्वच्छ! साहेबही खूश. नाव पुकारलं, चेहरा, कागद, झालं, पुढचं. नाव, चेहरा, कागद, पुढचं. जे काम दुपारपर्यंत चालायचं ते सरसर पुढे सरकलं. शोभाताईंचं झालं. त्यांच्या बाजूचं झालं. आणि साहेबांनी ठसक्याचं नाव घेतलं.

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट. ते इथेच आहेत, बाजूला गेलेत." शोभाताई गॅलरीत जाऊन ओरडल्या, पण मधे ते गोडाऊन. त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती, कोणाच्याच नव्हती. शोभाताई तशाच पळत सुटल्या. मी साहेबांना काय काय सांगत राहिले. सांगितलं की त्यांच्यामुळेच तर तुम्हाला आम्ही दिसतोय. साहेब म्हणाले, "मॅडम, मला पुढची चाळ आहे." गैरहजर लावलं आणि स्क्रीन काळी झाली.

तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता आणि पायाला काहीतरी लागून रक्त येत होतं. एक नंबरमध्ये अध्यक्ष मॅच बघत होते, दार उघडत नव्हते, त्यांच्याशी त्याचं चांगलंच जुंपलं होतं. "झालं सगळ्यांचं?" त्याने विचारलं. शोभाताई रडायलाच लागल्या. मी सांगितलं, "सगळ्यांचं झालं. तुमचं नाव लवकर आलं, मामा. गैरहजर लावलं."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"इतकं फास्ट कोणी करायला सांगितलं होतं तुला?"

"मी केलं? सगळ्यांचं बंद करत तुम्हीच फिरत होतात ना!"

"मग धरून ठेवायचं होतंस! नालायक! इंजिनेर म्हणे!"

भर गॅलरीत आम्ही दोघं तारस्वरात भांडलो. पात्र झालेली सगळी बिऱ्हाडं पिशव्या छातीशी धरून ऐकत उभी होती. कोणी मधे पडलं नाही.

मला त्याने कधी माफ केलं नाही. "दोन नंबरने माझी खोली घालवली," असं तो भेटेल त्याला सांगायचा, माझ्यासमोरसुद्धा. अपील केलं तेव्हा मी साक्ष द्यायला त्याच्याबरोबर गेले. तो नको म्हणत होता, मी गेलेच. मी सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी त्याला विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय? तो म्हणाला, "हिला काम येत नाय, साहेब. पण खोटं बोलत नाय." पुढची तारीख पडली. मग आणखी पुढची.

चाळ रिकामी झाली तसा तो अंबरनाथला पुतणीकडे गेला. टॉवर झाला, चाव्या मिळाल्या. सात नंबरमधलं एकूण एक बिऱ्हाड आज इथे आहे, शोभाताई माझ्या वरच्याच मजल्यावर. नेट असं सुसाट, की लिफ्टमध्येसुद्धा मालिका अडत नाही. मुलं त्यात लोळतात आणि तरी कुरकुरतात. त्याच्या अपिलाचा निकाल काही लागला नाही. गेल्या वर्षी तारखेच्या आधीच तो गेला. शोभाताईंनी सांगितलं तेव्हा मी पहिली त्यालाच शिवी घातली. अरे, दुसऱ्या कोणाला पाठवायचं होतंस! शोभाताईंना पाठवायचं, मला ढकलायचं, जन्मभर सगळ्यांना हुकूम सोडलेस, त्या दिवशीच कसा स्वतः गेलास? मला त्याचा राग येतो. अजून येतो, आणि तो कुठे काढायचा तेच कळत नाही.

जायच्या थोडे दिवस आधी मी त्याला फोन लावला होता, तारखेला कोणत्या गाडीने येताय ते विचारायला. आवाज इतका स्पष्ट, की बाजूला बसून बोलतोय असं वाटत होतं. काही बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मामा, बरं ऐकू येतंय हो तुमच्याकडून. आपल्या चाळीत असं कधी आलं नाही."

तो म्हणाला, "रेंज फुल आहे इकडे, दोन नंबर. भांडायला कोण नाय."